सतरा नंबरची बाई

रामदासपेठेतल्या डीटीपीच्या दुकानात दीप्तीने स्मरणिकेची पानं आणि फोटो छापखान्यासाठी एका फोल्डरात गोळा करायला घेतले, आणि कॉम्प्युटर अडला. सत्तावीस फोटो सापडत नव्हते. पानांवर त्यांच्या पुसट प्रतिमा तेवढ्या उरल्या होत्या.

"माझ्या फाइलींले कोणी हात लावला?" ती कडाडली.

"मी," शेजारी बसलेले संघपाल सर म्हणाले. वस्तीतल्या वाचनालयाची ही स्मरणिका त्यांनीच जमवलेली. "काल तू जेवाले गेली, तवा फोटोंचे नंबर काढून नावं टाकली. माणसाले नंबर काहून द्याचा वं?"

दीप्तीने कपाळावर हात मारला. फाइलीचं नाव बदललं की पानाशी असलेला तिचा धागा तुटतो. आता इतक्या पुसट चेहऱ्यांवरून कुठल्या चौकटीत कोण, हे कोण सांगणार?

सरांनी चष्मा पुसला आणि पहिल्या पुसट चेहऱ्याकडे पाहिलं. "जया गजभिये. पहिली पुस्तकं हिनंच डोक्यावर आणली."

दीप्तीने त्या नावाची फाइल शोधून जोडली. सर पुढे सांगत गेले, ती जोडत गेली. ते एकदाही अडखळले नाहीत. प्रूफावर दीप्तीच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, ‘सतरा नंबरची बाई डावीकडे घ्यायची.’ त्या चौकटीशी सर थांबले. "कौतिका रामटेके. सोताच्या लग्नातलं कपाट देऊन टाकलं तिनं, पुस्तकांसाठी."

सगळं जुळलं. तेवढ्यात छापखान्यातून फोन आला, "फोटो किती आहेत?"

"सत्तावीस माणसं आहेत," दीप्ती म्हणाली. "सांभाळून छापा."