सव्वा मूठ

"मागलाना बाजरीनं पीठ मना गहूमा ई ऱ्हायनं. दरसालनं हाईच शे," कुंदाबाई डबा पुढे ओढत पुटपुटल्या. पुटपुटणं असं, की गिरणीच्या घरघरीतही शेजारच्या बायकांना नीट ऐकू जावं.

भाईदासभाऊंनी मान वळवली नाही. "मंग घर जाय, जातं फिराव. तुनं पीठ नि तुना हात."

बायका हसल्या. कुंदाबाईंनाही हसू आलं. भाऊंनी त्यांच्या डब्यातले थोडे गहू आधी गिरणीत सोडले, निघालेलं पहिलं करडं पीठ गाईच्या टोपल्यात झाडलं, आणि मगच बाकीचे गहू ओतले. असं ते प्रत्येकीसाठी करायचे. तरी प्रत्येकीला वाटायचं, की शेजारणीचं थोडंफार पीठ आपल्या डब्यात आलंच. येतही असणार. दगड काही दर दळणाला नवा बसवता येत नाही.

ही गोष्ट कानबाईच्या आठवड्यातली. आमचं गाव शिरपूरच्या अलीकडे, तापीच्या अंगाला. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई बसते, सोमवारी वाजतगाजत नदीवर जाते. तिच्यापुढे रोट, म्हणजे गव्हाची जाड भाकरी, ठेवायचा. त्याचे गहू मोजून घ्यायचे, भाऊबंदकीतल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ. म्हातारा असो की पाळण्यातला, पुण्यात असो की सुरतेला, त्याची सव्वा मूठ पडलीच पाहिजे. बायकांची मूठ नसते. निवडणं, दळणं, भाजणं, गाणी म्हणणं हे आमच्याकडे, आणि मोजले जायचे ते पुरुष. हा रोट भाऊबंदांनीच खायचा. जावई दारात आला तरी त्याला वेगळं ताट. उरलासुरला नदीत सोडायचा, पण परक्याच्या हातावर ठेवायचा नाही.

म्हणून त्या आठवड्यात भाऊंची गिरणी देवळासारखी व्हायची. दगड धुऊन, वाळवून, टाकी मारून तयार. शनिवारी रात्रीपासून रोटाचं दळण, एकेका भाऊबंदकीचं वेगळं. भाऊ अंघोळ करून उपाशीपोटी उभे राहायचे. गावातल्या कुठल्या घरात यंदा किती मुठी वाढल्या, किती घटल्या, हे त्यांना टोपलीच्या वजनावरूनच कळायचं.

भाईदासभाऊ माझे जेठ, म्हणजे थोरले दीर. आमच्या घरात सगळे गव्हाळ, भाऊ तेवढे काळेसावळे. पण दिवसभर पिठात असल्यामुळे ते कुणाच्या ध्यानात यायचं नाही. पापण्यासुद्धा पांढऱ्या. रात्री अंघोळ करून जेवायला बसले की क्षणभर कुणी पाहुणा आल्यासारखं वाटायचं.

मी लग्न होऊन आले त्याच महिन्यात कुंदाबाईंनी मला धुणं धुताना ते सांगून टाकलं होतं. माझी सासू धुरपदाबाई, जिला आम्ही सगळे माय म्हणतो, तिचं माझ्या सासऱ्यांशी झालेलं लग्न पहिलं नव्हे. तिचा पहिला नवरा विहिरीच्या कामावर सुरुंगात गेला. तो कुणातला, कुठला, हे कुंदाबाईंनाही नीट माहीत नव्हतं. मग सासऱ्यांशी तिचं गंधर्व लागलं, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न, वाजंत्रीशिवाय, दिवे लागल्यावर. ती आली तेव्हा कडेवर पोर होतं. ते भाईदास. सासऱ्यांनी, पुना पाटलांनी, पोराला शाळेत स्वतःचं नाव लावलं आणि विषय संपवला. पुढे माझे यजमान अमृत झाले. सासरे गेले तेव्हा अग्नी भाऊंनी दिला, थोरला मुलगा म्हणून. भाऊबंद सगळे हजर होते. कुणी काही बोललं नाही.

गावाला माहीत, भाऊबंदांना माहीत, आणि घरात त्याचा उच्चार नाही. अशी गोष्ट घरात असली की तिच्या बाजूनं चालायची सवय होते, दारातल्या पाण्याच्या रांजणाच्या बाजूनं जातो तशी. अंधारातही धक्का लागत नाही.

धक्का लावला तो हितेंद्रनं. भटूनाना म्हणजे सासऱ्यांचे पुतणे, भाऊबंदकीतल्या पुरुषांत आता सगळ्यात वडीलधारे. हितेंद्र त्यांचा मुलगा, पुण्याला नोकरीला. पोरगा गुणी, कुणाचं वाईट न चिंतणारा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी आला तो काचेच्या नळ्यांची पेटी घेऊन. त्याचं म्हणणं, पाटील हे आडनाव नव्हेच, तो हुद्दा. ज्याच्याकडे गावकी तो पाटील. आमच्या एका गावातच चार जातींचे पाटील आहेत. मग आपण मूळचे कोण? भटूनानांकडे याचं उत्तर तयार होतं. आपला मूळपुरुष गुजरातेतून घोडीवर बसून तापी उतरून आला. ही घोडी मी एकदा काळी, एकदा अबलख अशी ऐकली आहे. हितेंद्र म्हणाला, घोडीचं राहू द्या, रक्तात एक धागा असतो, तो फक्त बापाकडून मुलाकडे जातो, हजारो वर्षं, फारसा न बदलता. पाच घरांतल्या पाच थोरल्या पुरुषांनी नळीत थुंकायचं, की मूळ कळतं. आम्हा बायकांच्या थुंकीचं काय करायचं, हे मी विचारलं नाही.

पोर हौसेनं सांगत होतं आणि ओसरीवरचे मोठे लोक एकेक करून कामाला लागले. भटूनाना म्हणाले, पाच कशाला, तीन पुरे. हितेंद्र म्हणाला, जास्त तितकं चांगलं. अमृत उठून बैलांना पाणी दाखवायला गेले, जे ते थोड्या वेळापूर्वीच दाखवून आले होते. हितेंद्रला थांबवायचं तर कारण सांगावं लागणार, आणि कारण सांगणं म्हणजेच ते बोलणं. मग कोण थांबवणार? मीही चहाचे कप गोळा केले.

नळी भाऊंच्या हातात आली. त्यांनी ती उजेडाकडे धरून पाहिली.

"कितलं थुकू?"

"या रेघेपर्यंत, काका."

"जिंदगीमा पह्यलींदाव कोनी मापमा थुकाले सांगं."

ओसरी खदखदली. दाराजवळ खाटेवर माय बसली होती, ती हसली नाही.

निकाल आषाढात आला, मोबाईलवर भाऊबंदकीच्या ग्रुपात. हितेंद्रनं लिहिलं होतं की चार नमुन्यांचं मूळ एक आहे, आणि ते मूळ एवढं जुनं, की ते गुजरातेतही सापडतं आणि दक्षिणेतही, शेतकऱ्यांत आणि डोंगरातल्या लोकांतही. घोडीचा काही पत्ता लागत नाही. पाचवा नमुना मात्र जुळत नाही. बहुतेक तिकडे नळी बदलली. कानबाईला येताना नवी घेऊन येतो. पाचवा कुणाचा, हे त्यानं लिहिलं नव्हतं.

दहा मिनिटांत भटूनानांचं उत्तर, हलगर्जीपणा, दुसरं काय. अमृतनी अंगठा टाकला. मग सगळ्यांनी भराभर टाकले. कुठल्या तरी दूरच्या शहरात कुणी चूक केली, याचा एवढा आनंद मी कधी पाहिला नव्हता. संध्याकाळी भाऊंचेही जोडलेले हात ग्रुपात उमटले.

त्यानंतर चार-आठ दिवसांनी भटूनाना आले. आढ्याकडे बघत अमृतना म्हणाले, घरं वाढली, माणसं वाढली, एका रोटात आता पुरं पडत नाही, यंदा आपापला वेगळा करावा. अमृत म्हणाले, बघू. माय आतून म्हणाली, "रोट एकच व्हई." नाना चहा न घेता गेले.

वेगळा म्हणजे कुणाचा वेगळा, हे सगळ्यांना कळत होतं. आणि नेमकं त्याच वर्षी चैत्रात भाऊंच्या मुलाला, चंदनला, मुलगा झाला होता. भाऊंचा पहिला नातू. गिरणीवर जो येईल त्याला भाऊ पीठ चाचपत सांगायचे, "यंदा आमनी एक मूठ वाढनी." कुणी पेढा मागितला तर म्हणायचे, रोटना दिवस येऊ दे. त्यांना या जगात दुसरं काही मागायचंच नसावं असं त्यांचं ते बोलणं होतं. प्रमिलाबाईंनी, माझ्या जावेनं, सुनेला आणि बाळाला चार दिवस आधीच धुळ्याहून बोलावून घेतलं होतं.

शनिवारी सकाळी मी चहा घेऊन गिरणीवर गेले. भाऊ दगड धूत होते. उपास होता, चहाला हात लावला नाही.

"हितेंद्र कवय येस?"

"दुपारच्या गाडीनं."

थोडा वेळ ते ओला दगड तळव्यानं पुसत राहिले.

"नळ्या आनी का?"

मी हो म्हटलं. त्यांनी लगेच उठून बटण दाबलं. रिकामी गिरणी घरघरायला लागली, आणि पुढे काही बोलायची सोय राहिली नाही. म्हणजे त्यांना माहीत होतं. कधीपासून, ते देव जाणे.

संध्याकाळी भटूनानांच्या ओसरीवर सगळे जमलो. मध्ये नवी टोपली, शेजारी सुपात निवडलेले गहू. मुठी टाकायचा मान मायचा, कारण तिच्याएवढं वय भाऊबंदकीत दुसऱ्या कुणाचं नाही. तिचा हात आता थरथरतो, पण मूठ भरली की थरथर थांबते. एक मूठ, वर चिमूटभर पाव मूठ, आणि नाव. भटूनाना, त्यांची पोरं, नातवंडं. मग बाकीची घरं. मग आमचं.

"भाईदास," माय म्हणाली, आणि सव्वा मूठ टोपलीत पडली. "चंदन." पडली. "अमृत." पडली. तिनं पुन्हा सुपात हात घातला आणि मूठ भरून वर आणली. प्रमिलाबाईंनी मांडीवरच्या बाळाचं टोपडं सारखं केलं. भाऊ खांबाला टेकून उभे होते, ते जरा पुढे झाले.

"काकू, जराशी थांब," भटूनाना म्हणाले. आवाजात कसलाही उद्धटपणा नव्हता. "हितेंद्रनं काम व्हई जाऊ दे पह्यले. रोटनं काम शे. मांगून कोनी बोलाले नको."

हितेंद्र बिचारा याच संधीची वाट पाहत होता. नळी काढून तो थेट भाऊंकडे गेला आणि अगदी मोकळेपणानं म्हणाला, "काका, मागच्या वेळी तुमचीच नळी बदलली हो. पुन्हा एकदा त्रास देतो. फक्त तुम्हालाच."

फक्त तुम्हालाच. ओसरीवर बसलेल्या प्रत्येकाला खाली बघायला काहीतरी सापडलं. अमृत चटईची काडी उपटायला लागले. माझ्या यजमानांचा भाऊ, ज्यानं त्यांना खांद्यावर बसवून शाळेत नेलं, आणि ते चटईची काडी उपटत होते.

भाऊंनी नळी घेतली. मायकडे पाहिलं नाही.

"रेघलगून?"

"हो काका."

त्यांनी टोपण काढलं आणि तोंड उघडलं. पीठ झाडून, अंघोळ करून आलेले, काळेसावळे, डोईवर पांढरी टोपी. डॉक्टरपुढे आ करणाऱ्या पोरासारखे.

"भाईदास, थुकू नको."

मायचा हात सुपावर तसाच होता, मूठ मिटलेली.

"हितेंद्र, बेटा, त्या मशीननं काही चुकेल नही शे. भाईदास पुनाना नही शे. वनाना शे."

बाहेर कुणाच्या तरी ओट्यावर कानबाईची गाणी चालू झाली होती, ती एकदम जवळून ऐकू यायला लागली. भटूनानांनी टोपलीत पाहिलं. भाऊंची आणि चंदनची मूठ तिथंच पडली होती, त्यांच्या स्वतःच्या मुठीवर, पोरांच्या मुठीवर. नानांनी हात पुढे नेला, गव्हाला लावला, आणि मागे घेतला. कुठले दाणे कुणाचे, ते आता कोण सांगणार.

भाऊंनी नळीला टोपण लावलं, नीट फिरवून घट्ट केलं, आणि ती कट्ट्यावर ठेवली.

मायनं त्यांना जवळ बोलावलं. ते तिच्यापुढे उकिडवे बसले. तिनं त्यांचा हात ओढला आणि बाळाच्या नावाची मूठ त्यांच्या तळव्यावर रिकामी केली. टोपलीत नाही. मग त्यांची बोटं एकेक करून तिनंच मिटली. गावाचं दळण दळणाऱ्या माणसाच्या हातात सव्वा मूठसुद्धा गहू नव्हते. वरची पाव मूठ राहूनच गेली होती.

हितेंद्रनं नळ्यांची पेटी मिटली. त्याला आता थोडं थोडं कळत असावं, पण सुरू झालेला प्रश्न त्याच्याच्यानं थांबला नाही. त्यानं हलक्या आवाजात विचारलं, "वना कोण?"

हे नाव या घरात मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऐकत होते. माझ्या यजमानांनीही पहिल्यांदाच ऐकलं असावं. चटईवरचा त्यांचा हात थांबला होता.

मायनं पदर डोक्यावरून पुढे ओढला, वडीलधाऱ्यांसमोर ओढतात तसा, अगदी कपाळापर्यंत.

"मना नवरा," ती म्हणाली.