कन्हानमधला समुद्राचा डबा

नागपूरपासून समुद्र आठशे किलोमीटरवर आहे. तरीही समुद्राचं पाणी तपासणारं यंत्र बनवायचं काम १९८० साली रामदासपेठेतल्या एका सरकारी संस्थेकडे आलं. कसं आलं, हे विचारायचं नसतं. दिल्लीत कोणीतरी नकाशा न बघता सही केली असेल. संस्थेचे संचालक गोपाळराव यांनी मात्र ते फार मनावर घेतलं. त्यांनी समुद्र आयुष्यात एकदाच पाहिला होता, लग्नानंतर, तोही होडीच्या काठावरून ओकताना.

यंत्र पाण्यात तरंगायला हवं, पाण्याचा खारटपणा मोजायला हवा आणि तो तारेशिवाय, रेडिओच्या लहरींवरून किनाऱ्याला कळवायला हवा. शिवाय स्वस्त हवं. परदेशातून आलेलं तसलं एक यंत्र संस्थेत होतं, पण ते इतकं महाग होतं की पाण्यात टाकायची कोणाची छाती झाली नाही. पाच वर्षं ते कपाटात कोरडं बसून होतं.

काम पडलं प्रेमिला रामटेकेच्या गळ्यात. ती तिथली तांत्रिक सहायक, सत्तावीस वर्षांची. छप्पन साली बापाच्या खांद्यावर बसून तिनं दीक्षेचा सोहळा पाहिला होता. तिला आठवत काहीच नव्हतं, पण बाप गिरणीतून आला की रोज सांगायचा, त्यामुळे सगळं पाठ होतं. बापाचं दुसरं पाठांतर म्हणजे, “शीक, आणि कोणाले भिऊ नको.” पहिलं तिनं बी.एस्सी. होऊन पार पाडलं. दुसरं अधूनमधून जमायचं.

गोपाळरावांनी आधी समुद्र तयार करवला. इतवारीतून मिठाची पोती आली, संस्थेच्या मागच्या हौदात रिकामी झाली. माळ्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्यानं त्याच पाण्यानं आठवडाभर साहेबांचे गुलाब शिंपले. पानं कडेनं तपकिरी होऊन करपली.

यंत्र मात्र खरं घडलं ते सदर बाजारात, नत्थूजींच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात. नत्थूजी म्हणजे नागपुरातला असा एकमेव मेकॅनिक, जो गिऱ्हाइकाला रेडिओ परत देताना रडवेला व्हायचा. प्रेमिलानं कागदावर आकृती काढून दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

“म्हणजे असा डबा पायजे, जो खारं पानी चाखते अन् रेडिओवर बोंबलते?”

“हो. पण स्वस्तात.”

“मंग डालडाचाच घेऊ ना!”

डालडाचा डबा, त्याला लाल रंग, भोवती स्कूटरची ट्यूब, फटींत डांबर. आत टॉर्चचे सेल आणि नत्थूजींनी जोडलेला छोटा ट्रान्समीटर. पाण्यात बुडवायला जुन्या सेलमधल्या दोन कोळशाच्या कांड्या. एरियल म्हणून मोडक्या छत्रीची काडी. गोड्या पाण्यात डबा सावकाश टिक... टिक... करायचा. पाणी खारट झालं की त्याला घाई व्हायची आणि जवळच्या कोणत्याही रेडिओवर ते ऐकू यायचं.

“हौदात चालला. आता वाहत्या पाण्यात टिकतो का ते बघा,” गोपाळराव म्हणाले. “कन्हानला न्या. फक्त तरंगतो का एवढंच बघायचं. नदी आपला विषय नाही.”

फेब्रुवारीत कन्हानचं पात्र आटत आलेलं असतं. मधून पाण्याची एक धार, दोन्ही बाजूंना वाळू आणि वाळूत डांगरांच्या, म्हणजे खरबुजांच्या वाड्या. त्यातली एक अंजनाबाईची. अंजनाबाई जातीची ढिवरीण, पन्नाशीची. नवरा गेल्यावर तिनं वाडी एकटीनं चालवली होती. नदीतून घागरी भरून ती एकेका वेलाला पाणी घालायची. डब्यावर नजर ठेवायला कोणीतरी हवं म्हणून प्रेमिलानं तिच्या मांडवासमोरच तो दोरीनं बांधून सोडला.

“काय होय वं हे?”

“समुद्राचं पाणी तपासायचा डबा आहे, मावशी.”

अंजनाबाईनं नदीकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, मग प्रेमिलाकडे जरा काळजीनं पाहिलं. “तुले घरी कोणी हाये ना, पोरी?”

प्रेमिला रोज सकाळी बसनं यायची, मांडवात ट्रान्झिस्टर लावून ठोके मोजायची आणि वहीत लिहायची. मिनिटाला बावीस. पुन्हा बावीस. तिसऱ्या दिवशी ती दुपारीही थांबली, आणि दोनच्या सुमाराला, ऊन डोक्यावर असताना, डबा एकदम धावायला लागला. साठ. शंभर. एकशे चाळीस. साडेतीनला पुन्हा बावीस. तिला वाटलं, डांबर फुटून आत पाणी शिरलं. डबा काढून पाहिला. आत कोरडा ठणठणीत. पुढचे दोन्ही दिवस दोनला पुन्हा तेच.

“मावशी, दुपारी नदीत काय होतं?”

“काय होते? काई नाई. सारे झोपून राह्यते. मी तेवढी वेलायले पानी घालतो.” मग अंजनाबाईनं तिला हाताला धरून वाडीत नेलं. “अन् हे पाह्य. पानी घालतो अन् वेल मरून राह्यले. देवाले कोंबडं दिलं, तरी बी मरून राह्यले.”

प्रेमिला वाळूत बसली. पानं कडेनं तपकिरी झाली होती. आत हिरवी, बाहेर करपलेली. असली पानं तिनं महिन्यापूर्वीच गोपाळरावांच्या बागेत पाहिली होती.

वर दोन फर्लांगावर सूत रंगवायचा कारखाना होता. रंग पक्का बसायला सुताला भरपूर मीठ लागतं. कारखाना रंग गाळून घ्यायचा, त्यामुळे पाणी दिसायला निर्मळ. मीठ काही गाळता येत नाही. ते दुपारी, सगळे झोपले की, गुपचूप नदीत.

तिनं वही गोपाळरावांसमोर ठेवली. त्यांनी पानं उलटली, वही मिटली आणि दोन बोटांनी परत सरकवली.

“मिस रामटेके, हे यंत्र समुद्रासाठी आहे.”

“पण सर, नदीत मीठ आहे.”

“तो नदीचा प्रश्न. आणि ही वही तुमची खासगी. उद्या कोणी म्हणेल, बाईंनी घरी बसून आकडे लिहिले. काय उत्तर द्याल?”

प्रेमिला वही उचलून बाहेर पडली. बसमध्ये उत्तरं सुचली पाच-सहा, पण सगळी नोकरी घालवणारी होती. तिनं हे अंजनाबाईला सांगितलं तेव्हा ती घागर खाली ठेवून कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“म्हंजे हा डबा समुद्राचा. मंग समुद्र काय डांगरं पिकवते? त्याले काहून एवढी काळजी खाऱ्या पान्याची? तो तं खाराच हाये!”

त्या दिवसापासून अंजनाबाईनं स्वतःपुरता निकाल लावला. मांडवात रेडिओ लावून ठेवायचा आणि डबा धावायला लागला की घागर उचलायची नाही. आजूबाजूच्या वाड्यांतही रेडिओ लागले. दुपारी दोनला साऱ्या वाळवंटातून एकच टिकटिक यायची आणि बायका पाणी घालायचं थांबवून सावलीत बसायच्या.

पण तीच टिकटिक कारखान्यातही पोचत होती. मॅनेजर चंपतराव यांचा दिनक्रम ठरलेला होता. दोनला पाणी सोडायची खूण करायची आणि केबिनमध्ये पाय टेबलावर टाकून कसोटी सामन्याची कॉमेंट्री ऐकायची. त्या हंगामात ऐन चुरशीच्या वेळी कॉमेंट्रीवर टिकटिकटिक सुरू व्हायची. बाद झाला की चौकार गेला, कळायचं नाही. चंपतरावांनी बिनतारी खात्याकडे लेखी तक्रार केली: कोणीतरी बेकायदा ट्रान्समीटर चालवत आहे, रोज दुपारी दोन वाजता त्रास सुरू होतो, देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे.

देशाची सुरक्षा पाहायला निरीक्षक मार्तंडराव जीपमधून आले. त्यांच्याजवळ लहरींची दिशा शोधायचं यंत्र होतं, पण डबा त्यांना त्याशिवायच सापडला. तो नदीच्या मधोमध लालभडक तरंगत होता आणि त्यावर छत्रीची काडी उभी होती.

“परवाना?” त्यांनी प्रेमिलाला विचारलं.

“अर्ज केलाय, साहेब.” अर्ज गोपाळरावांच्या खणात होता.

“अर्जावर प्रक्षेपण होत नाही. कारवाई होणार. पण नियमाप्रमाणे आधी आठ दिवसांची नोंद घ्यावी लागते.”

डबा आत्ता काढला असता तर प्रकरण कदाचित समज देऊन मिटलं असतं. दोरी तिच्या पायाशीच होती. ती खाली वाकली, दोरीला हात लावला आणि तशीच थांबली. आपली वही खासगी. पण या माणसाची?

“साहेब,” ती सरळ उभी राहत म्हणाली, “नोंदीत प्रक्षेपणाचं स्वरूप लिहावं लागत असेल ना? ठोके किती, कधी वाढले, कधी कमी झाले?”

मार्तंडरावांनी नियमांचं पुस्तक काढलं. थुंकी लावून पानं उलटली. “स्वरूप... आहे. रकाना आहे.” त्यांना बरं वाटलेलं दिसलं. आजवर त्यांना तो रकाना कोणी भरायला सांगितला नव्हता.

आठ दिवस मार्तंडराव अंजनाबाईच्या मांडवात बसले. दर पंधरा मिनिटांनी घड्याळ बघून मिनिटभर ठोके मोजायचे, आकडा लिहायचा, सही करायची, शिक्का मारायचा. अंजनाबाई त्यांना काकड्या कापून द्यायची. सरकारी माणसानं फुकट काही घेऊ नये असा नियम होता, पण तो वेगळ्या पुस्तकात होता.

अहवालाची प्रत संस्थेत आली तेव्हा गोपाळरावांनी ती न वाचताच प्रेमिलाकडे सरकवली. प्रेमिलानं त्यातले आकडे घेऊन एका मोठ्या कागदावर आलेख काढला: आठ दिवस, आठ डोंगर, प्रत्येक डोंगर दोन वाजता चढायला सुरुवात. सोबत अहवाल जोडून तिनं तो आपल्या नावानं पाण्याच्या प्रदूषणाचं बघणाऱ्या खात्याला पाठवला.

सुनावणी त्याच खात्याच्या सदरमधल्या कचेरीत झाली. चंपतराव वकील घेऊन आले होते. वकील म्हणाले, यंत्र डालडाच्या डब्याचं आहे, त्यावर कोण विश्वास ठेवणार?

“डबा कशाचा हा माझा विषय नाही,” मार्तंडराव म्हणाले. “ठोके मी मोजले. प्रत्येकावर शिक्का आहे.”

चंपतराव त्यांच्याकडे झुकले. “साहेब, तक्रार मी मागे घेतो. कॉमेंट्रीचं काय एवढं!”

“तक्रार मागे घेता येते. नोंद मागे घेता येत नाही.”

“पण ही वेळ आमच्या पाण्याचीच कशावरून?”

सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी अहवालाला जोडलेली तक्रार काढली. “तुम्हीच लिहिलंय. रोज दुपारी दोन वाजता त्रास सुरू होतो. ही खाली तुमची सही. आणि पाणी सोडायची वेळ तुमच्या पंपाच्या रजिस्टरात आहे. तीच.”

चंपतरावांनी वकिलाकडे पाहिलं. वकील छताकडे पाहत होते.

कारखान्याला खारं पाणी नदीत सोडायची बंदी झाली. ते आटवायला मागच्या पडीक जागेत सिमेंटची उथळ टाकी बांधावी लागली. प्रेमिलाला विनापरवाना प्रक्षेपणाबद्दल लेखी ताकीद मिळाली, ती तिच्या सेवापुस्तकात चिकटवली गेली. डबा जप्त झाला. नत्थूजींना बिनतारी खात्याच्या कचेरीत बोलावून दम दिला, आणि तिथल्याच एका साहेबांनी जाता जाता आपला बंद रेडिओ त्यांच्या हातात ठेवला.

अंजनाबाईची निम्मी वाडी गेली ती गेलीच. उशिरा लावलेले वेल तेवढे तगले. मे महिन्यात ती डोक्यावर टोपलं घेऊन बसनं रामदासपेठेत आली, शिपायाला न जुमानता थेट संचालकांच्या केबिनमध्ये शिरली आणि टेबलावरचे कागद बाजूला सारून दोन डांगरं ठेवली.

“तुमीच काय मोठे साहेब? दुसरा डबा कवा देता?”

गोपाळरावांनी प्रेमिलाला बोलावलं. मग खण उघडून त्यांनी परवान्याचा तो जुना अर्ज काढला, त्यावरची धूळ झटकली आणि सही केली.

“जागा लिहायची राहिलीय,” ते म्हणाले. “काय लिहू? समुद्र?”

“कन्हान लिहा, सर,” प्रेमिला म्हणाली. “नदीचं स्पेलिंग मी सांगते.”