दोन डाग

हेडक्लार्क नरहरराव देशमान्यांच्या जुन्या मॉरिस गाडीच्या चासीला, म्हणजे खालच्या सांगाड्याला, तडा गेला होता. तो घरीच सांधायचा म्हणून स्वस्त, उचलून नेता येईल असं वेल्डिंगचं यंत्र ते सहा महिने निवडत होते. उस्मानाबादेतल्या त्यांच्या घरची वीज दोन बल्ब पेटवतानाच दमायची, त्यामुळं विजेचं यंत्र बाद झालं. उरलं कार्बाइडच्या गॅसचं. अशा यंत्रांची आणि किमतींची यादी मात्र लांबतच होती.

शेवटी त्यांनी रसूल मिस्त्रींना बोलावलं. मिस्त्री गाडीखालून निघत ओरडले, "साहेब, दोन डाग द्यायचे, बस्स! गाडी खडखडीत."

ते ऐकून थोड्या वेळानं नरहररावांच्या पत्नी सरोजिनीबाई स्वयंपाकघरातून आल्या. त्यांनी बोरमाळ आणि पाटल्या बॉनेटवर ठेवल्या.

"हे घ्या सोन्याचे दोन डाग. माझ्या आईचेत. पुन्हा मागू नका."

रसूल मिस्त्रींनी टोपी मागं सरकवली. "भाभी, मी सांध्याच्या डागाचं म्हणलो. त्याला लोखंडाची तार लागते, सोनं न्हाय."

नरहररावांना हसू आलं नाही. आपण दागिने मागू, हे हिला एवढं सहज पटलं कसं?

"रसूलभाई," ते म्हणाले, "तुमचंच यंत्र आणा."

बाई माळ गळ्यात घालत म्हणाल्या, "आणि ती यादी?"

नरहररावांनी ती नेऊन चुलीत घातली.