अस्तराची ट्रायल

मास्तरांनी आयुष्यात एकही कपडा सांगितल्या दिवशी दिला नव्हता आणि त्याची त्यांना लाजही नव्हती. ‘फक्त काज-बटणं राहिलीत, मंगळवारी या’ हे त्यांचं ठरलेलं उत्तर. गिऱ्हाइकं मंगळवारी यायची आणि पुढच्या मंगळवारचा वायदा घेऊन जायची. पण कपडा अंगावर असा बसायचा, की भांडायला आलेला माणूस आरशासमोर गप्प व्हायचा.

या मास्तरांच्या सासूबाईंकडे विमान होतं. लोकांच्या सासवांकडे दागिने असतात, घर असतं, निदान गुडघेदुखी तरी असते. यांच्या वाट्याला पायलट सासू आली. विमान चार माणसांचं, वयानं मास्तरांपेक्षा दोन वर्षांनी मोठं, त्यामुळे मास्तर त्याच्याशी जरा अदबीनंच वागत. त्याच्या छताचं कापडी अस्तर लोंबून लोंबून सासूबाईंच्या अंबाड्यावर टेकायला लागलं होतं, आणि प्रत्येक धक्क्याला चमचाभर धूळ त्यांच्या चष्म्यावर सांडत होती.

घरात शिंपी असताना बाहेर कशाला जायचं, असं म्हणून त्यांनी नवं अस्तर जावयावर सोपवलं. मास्तर हो म्हणून बसले आणि मग त्यांना अट कळली. विमानाला ज्यानं हात लावला, त्यानं काम झाल्यावर पहिल्या फेरीला शेजारी बसायचं. इंजिनवाला बसला होता, रंगारी बसला होता, चाकं बसवणारा तर दोनदा बसला होता. त्यामुळे कामं चोख होतात, असा सासूबाईंचा अनुभव होता.

इथेच घोडं अडलं. मास्तरांना उंचीची भीती वाटायची, आणि साधीसुधी नाही. दुकानातला बल्ब बदलायचा तर स्टुलावर बायको चढायची आणि हे खाली स्टूल धरून डोळे मिटायचे. पण लग्नाआधी सासूबाईंवर छाप पाडायला ते बोलून गेले होते, की उंचावर गेल्याशिवाय आपल्याला चैनच पडत नाही. ती थाप बावीस वर्षं टिकली होती. दर वाढदिवसाला सासूबाई फेरीला बोलवायच्या आणि दर वाढदिवसाला मास्तरांकडे नेमके कुणाच्या तरी लग्नाचे कपडे निघायचे. आता थाप उघडी पडली असती, तर त्या बाईसमोर पुन्हा मान वर करायची सोय उरली नसती.

काम तर सुरू झालं. जुनं अस्तर सोडवलं तेव्हा वरून उंदराचं घरटं पडलं, तीन पेन्सिली पडल्या आणि एक मोत्याचं कानातलं पडलं. ते सासऱ्यांनीच हरवलं असं समजून त्यांनी मरेपर्यंत बोलणी खाल्ली होती. सासूबाईंनी ते पुसून खिशात ठेवलं आणि त्या दिवशी त्या जरा कमी बोलल्या.

अस्तराला आडवे सहा नेफे होते आणि पायजम्यात नाडी ओवावी तशी प्रत्येकात एक वाकवलेली सळी. दर सळीचा बाक वेगळा, म्हणून मास्तरांनी खडूनं नंबर टाकले. नवं लोकरी कापड आलं. विमानखात्याच्या तपासनीसानं त्याची पट्टी पेटवून पाहिली. ती आपोआप विझली तरच कापड पास, असा नियम होता. मास्तर मनातल्या मनात तिला ‘पेट, बाई, पेट’ म्हणत होते. ती मेली लगेच विझली.

मग मास्तरांनी आपली खरी विद्या बाहेर काढली. आधी म्हणाले, कापड भिजवून आटवायला हवं. मग त्या रंगाचा दोरा मिळेना. मग ‘फक्त कडा राहिल्यात, मंगळवारी या’ सुरू झालं. तिसऱ्या मंगळवारी सासूबाई आल्या त्या विणकाम घेऊनच, आणि गिऱ्हाइकांच्या बाकावर ठाण मांडून बसल्या. कुणी आलं की मास्तरांच्या आधी त्याच सांगायच्या, की तुमची पँट अजून कापलेलीसुद्धा नाही. दोन दिवसांत गिऱ्हाइकं मास्तरांना सोडून त्यांनाच विचारायला लागली. तेव्हा मास्तरांनी हात टेकले आणि अस्तर पुरं केलं.

आणि काय पुरं केलं! सळ्या एकेक करून बसवत, कापड ताणत, कडा पट्टीखाली दाबत त्यांनी ते असं चढवलं, की नावाला सुरकुती दिसेना. मास्तर सीटवर मान मागे टाकून तासभर वरच बघत राहिले. तेवढा तास भीती विसरली होती. मग आठवली.

शनिवारी सकाळी बायकोनं त्यांच्या सीटचा पट्टा आवळला आणि कानात सांगितलं, की खाली बघूच नका. विमान धावायला लागताच मास्तरांनी नजर अस्तरावर खिळवली. सासूबाई नदी दाखवत होत्या, पूल दाखवत होत्या, आणि मास्तर छताकडे बघून ‘वा, वा’ म्हणत होते.

तेवढ्यात कुठल्याशा फटीतून अस्तराच्या वर वारा शिरला. चौथ्या सळीपाशी कापड फुगलं आणि तिथे बोटभर चुणी पडली. जमिनीवर नसलेली चुणी. मास्तरांच्या कामात चुणी! त्यांनी कॉलरला खोचलेली दोऱ्याची सुई काढली, हात वर केले आणि टाके घालायला सुरुवात केली. विमान एका बाजूला कललं.

“जावईबापू, हे काय चाललंय?”

“आई, विमान जरा सरळ धरा. टाका तिरका जातोय.”

सासूबाईंनी निमूटपणे विमान सरळ धरलं. चार टाके पडले. दोरा दातानं तोडायला मास्तरांनी मान वळवली आणि खिडकीतून त्यांना पूल दिसला, काडेपेटीएवढा. ते सीटला चिकटले, ते चिकटलेच.

“आई, मी खोटं बोललो होतो,” ते डोळे मिटून म्हणाले. “मला उंचीची फार भीती वाटते.”

“ठाऊक आहे. आमच्याकडे पहिल्यांदा आलात तेव्हा पडदा लावायला स्टुलावर चढला होतात. पाय लटलट कापत होते. पण पडदा सरळ लावल्याशिवाय उतरला नाहीत. म्हणून तर मुलगी दिली.”

मास्तरांना भरून आलं. डोळे मात्र त्यांनी उघडले नाहीत.

विमान उतरलं. चाकं थांबली, वारा थांबला, अस्तर पुन्हा जागेवर आलं, आणि हवेत घातलेल्या चार टाक्यांनी तिथे आता उलटाच झोळ दिसायला लागला. मास्तरांनी तो डावीकडून पाहिला, उजवीकडून पाहिला. हा दोष खाली बसून निघणारच नव्हता. हवेत खडूनं खूण करायची, खाली येऊन उसवायचं, शिवायचं आणि परत वर जाऊन बघायचं. दोन ट्रायल तरी लागणार होत्या.

“आई, लगेच परत वर घ्या,” असं ते बोलूनही गेले.

सासूबाईंनी किल्ली काढून पर्समध्ये टाकली आणि चष्मा पुसला.

“आज नाही जमायचं, जावईबापू. फक्त पेट्रोल भरायचं राहिलंय. मंगळवारी या.”