नेमीचंदशेठचे कान

पारोळ्यात नेमीचंदशेठचं भांड्यांचं दुकान म्हणजे अर्धा माल आणि अर्धे शेठचे कान. गिऱ्हाइकानं पितळी हांडा पसंत केला की शेठ बोटाच्या पेरानं तो टण्णकन वाजवायचे, आणि केसाएवढी चीर असली तरी सांगायचे, "हा ठेव, दुसरा घे." आपलाच माल नाकारणारा दुकानदार लोकांना एरवी कुठे भेटतो? त्या एका आवाजावर तीन पिढ्यांचं नाव उभं होतं.

त्याच कानांनी महिनाभरापूर्वी दगा दिला. निदान शेठना तसं वाटलं.

शेठना शौक एकच. जळगावच्या फुले मार्केटातून आणलेला, खिशात मावणारा एक स्वस्तातला रेडिओ. नातवंडं मोबाइलवर हवं ते ऐकायची, पण शेठना त्यात राम वाटत नसे. मागितलं आणि मिळालं, यात मजा कसली? दिवस मावळायला लागला की मीडियम वेव्हवर लांबलांबची स्टेशनं लागतात, ती पकडण्यात खरी गंमत. ओट्यावर बसून ते रेडिओ आडवा धरायचे, स्वतः थोडं थोडं वळायचे आणि श्वास रोखून काटा केसभर सरकवायचे. इंदूर तर घरचंच. राजकोट लागलं की स्वारी खूश. एकदा कलकत्त्याच्या बंगाली बातम्या लागल्या, तेव्हा एक शब्द कळला नसतानाही त्यांनी गल्लीत पेढे वाटले होते.

आता मात्र नुसती खरखर. सेल बदलले, तरी खरखर. जळगावला जाऊन दुसरा रेडिओ आणला, तोही खरखरला. दोन-दोन रेडिओ एकदम कसे बिघडतील? म्हणजे बिघाड कानातच. त्यांचे वडील असेच बहिरे झाले होते. आधी लांबचं गेलं, मग बारीक गेलं, आणि शेवटी गादीवर बसून ते नुसते लोकांच्या ओठांकडे बघत राहायचे. शेठनी कुणाला काही सांगितलं नाही, पण हांडे वाजवायचं काम गुपचूप मुलाकडे, मननकडे दिलं.

चिंधा पाटील लेकीच्या लग्नाची भांडी घ्यायला आला आणि अडून बसला. "शेठ, तुम्हीच वाजाडा ना. मननभाऊना कानवर मना भरोसा नही."

"पोराला शिकू दे आता," शेठ म्हणाले आणि पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेले. आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर, गादी मननच्या हवाली करायची, हे त्यांनी तिथेच ठरवलं.

पंधरा दिवसांनी चतुर्दशी आली आणि नेमके त्यांच्या बायकोचे, जतनबाईंचे गुडघे धरले. एरवी त्या सामायिकाला, म्हणजे जैनांच्या ठरावीक वेळाच्या ध्यानाला, साधू उतरतात त्या उपाश्रयात जात, आज घरीच बसल्या. सामायिकात अंगावर विजेचा उजेड पडू द्यायचा नाही, हा त्यांचा नेम. संध्याकाळी गिऱ्हाईकही नव्हतं, म्हणून मननने घराचा आणि दुकानाचा मिळून असलेला मेन स्विचच खाली ओढला. शेठ ओट्यावर आले आणि केवळ सवयीनं रेडिओ कानाला लावला.

राजकोट बोललं! जिऱ्याचे भाव, गुजरातीत, अगदी स्वच्छ. शेठ जागचे हलेनात, हललो तर जाईल अशी भीती. मग धीर करून काटा सरकवला, तर इंदूर. आणखी सरकवला, तर कुठलंसं कानडी भजन.

अठ्ठेचाळीस मिनिटांनी सामायिक संपलं. मननने स्विच वर केला, दुकानात पांढरा लखलखाट झाला आणि कानात पुन्हा खर्रर्र.

"बंद कर!" शेठ ओरडले. मनन घाबरला, त्याला वाटलं बाबांना करंट लागला. बंद केलं, भजन. चालू केलं, खरखर. पाच वेळा करून पाहिलं, पाचही वेळा तेच. महिनाभरापूर्वीच मननने दुकानात हौसेनं स्वस्तातल्या एलईडी ट्यूबा लावल्या होत्या, खरखर त्यांचीच. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे.

शेठ मटकन खाली बसले आणि हसता हसता रडायला लागले. साठी उलटलेला माणूस भर गल्लीत रडतोय, पण त्यांना लाज म्हणून वाटली नाही. इतकं हलकं त्यांना वर्षानुवर्षांत वाटलं नव्हतं.

"जतन, माझे कान शाबूत आहेत गं!"

जतनबाई भिंतीला धरत बाहेर आल्या. "कळलं. सगळ्या गल्लीला कळलं."

"म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"चिंधाभाऊ आले होते, तेव्हा हांडा वाजवायचं सोडून तुम्ही आत येऊन रिकामाच पेला तोंडाला लावलात."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतकं लपवत होतात, तर विचारू कसं?" त्या हळूच ओट्यावर टेकल्या. "त्या दिवसापासून मी गोड सोडलंय. तुमचे कान बरे होईपर्यंत."

शेठना गेल्या आठवड्यातली भाचीच्या लग्नाची पंगत आठवली. हिनं बासुंदीची वाटी बाजूला सारली होती आणि आपण का म्हणूनही विचारलं नव्हतं. त्यांना स्वतःचीच शरम वाटली. ते तडक उठले आणि डब्यातला मोतीचुराचा लाडू घेऊन आले.

जतनबाईंनी हसून अंधारलेल्या आभाळाकडे बोट दाखवलं. दिवस मावळल्यावर त्या पाण्याचा थेंबही घेत नसत, आज तीस वर्षं झाली. जन्मात पहिल्यांदाच शेठना त्या नेमाचा राग आला.

"सकाळी खाईन," त्या म्हणाल्या. "ऊन तर वर येऊ द्या."

"मग मला लवकर उठव," शेठ म्हणाले. "हलवू नकोस. नुसती हाक मार."