पाडव्याचं एरियल

माझ्या घरात रेडिओ होता आणि मला नवरा होता. त्या वर्षी कोल्हापूरच्या शाहूपुरीत या दोन्ही गोष्टी कुणालाच खपत नव्हत्या.

नवऱ्याचं नाव जोतीराम. हो, मी नाव घेते. वर्षभर सगळे ते नाव टाळत होते, मग मी घेतलं तर कुणाचं काय बिघडलं? तो पलटणीत तारायंत्राच्या कामावर होता. शेवटच्या रजेला त्यानं मुंबईहून बॅटरीवर चालणारा, पट्ट्याला धरून कुठंही नेता येईल असा रेडिओ आणला. शॉर्टवेव्हवर मला लंडन ऐकवलं, बर्लिन ऐकवलं, आणि मग तो मलायाला गेला. सिंगापूर पडलं. घरी तार आली, त्यात 'बेपत्ता' एवढंच होतं.

बेपत्ता म्हणजे मेला, असा अर्थ माझ्या चुलतसासऱ्यांनी लावला. गणपतराव त्यांचं नाव, भाऊबंदांत शेवटचा शब्द त्यांचाच. पाडवा झाला की जोतीरामचे दिवस घालायचे, माझं कुंकू पुसायचं आणि मला माहेरी पोचवायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं. मला विचारलं नाही. माझ्या सासूला, झुंबरबाईंना विचारलं. त्या नुसत्या रडल्या, आणि रडणं म्हणजे होकार असं धरून गणपतराव चहा पिऊन गेले.

बाजारात कुजबुज होती की जपान्यांच्या स्टेशनवर संध्याकाळी पकडलेल्या शिपायांची नावं वाचतात. ऐकायची सोय मात्र माझ्याकडं उरली नव्हती. शत्रूचं स्टेशन ऐकायचं नाही असा हुकूम निघाला, तेव्हा एक फौजदार घरात आला होता. रेडिओची लांब सरकणारी एरियलची दांडी त्यानं पिरगाळून बुडापासून मोडली आणि खिशात घालून नेली. जाताना म्हणाला, "आता मुंबईची भजनं ऐका." गादीवर बालमहाराज, कारभार भलत्यांच्या हातात, दाद मागायची कुणाकडं? तेव्हा मी गप्प बसले होते. आता पाडवा दोन दिवसांवर आला आणि माझं डोकं फिरलं.

रेडिओ पिशवीत घातला, वर मेथीची जुडी टाकली आणि शमशुद्दीनचाचांच्या दुकानात गेले. चाचा लग्नातल्या बँडची वाजपं दुरुस्त करायचे. पिचलेले बिगुल, चेपलेली कॉर्नेटं भिंतभर टांगलेली असायची. त्यांनी दांडीचं उरलेलं बूड बोटानं चाचपलं.

"कुणी मोडली?"

"सरकारनं."

"मग मजबूत जोडली पायजे," चाचा म्हणाले.

जुन्या कॉर्नेटची पितळी नळी त्यांनी कापली, बुडात बसवली, कथलाचा डाग दिला. रेडिओ लावला तर मुंबईची भजनंच लागली. शॉर्टवेव्हवर नुसती शिट्टी. चाचांनी नळी फिरवून पाहिली, रेडिओ दारात नेऊन पाहिला आणि मान हलवली.

"एवढीशी नळी पुरायची न्हाय, पोरी. लांब तार पायजे, आन् ती बी छपराच्या वर, उंच काठीला."

"छपरावर काठी दिसली की फौजदार येतोय."

"त्ये बी खरं."

मी रस्त्याकडं बघितलं. एक म्हातारा कळकाचे बांबू विकत चालला होता.

"चाचा, परवा पाडवा हाय. परवा समद्या गल्लीत काठ्याच काठ्या असत्यात. त्यातली एक माझी."

चाचा असे मोठ्यानं हसले की शेजारचा तांबोळी डोकावून गेला. "तांब्या घिऊन ये. तार आतनं जोडतो." मग हसू आवरून म्हणाले, "पण पूजेचा तांब्या, त्याला माझ्या हातचा डाग. घरात चालंल?"

"घरात माझं काय चालतंय म्हणून हे चालंल? पण तांब्या माझ्या माहेरचा हाय."

चाचांनी तांब्या आतून घासला, नवसागर लावला, तापल्या लोखंडानं कथील वितळवलं आणि तार अशी चिकटवली की मी दोन्ही हातांनी ओढली तरी सुटेना.

पाडव्याला सकाळी मी काठी धुतली. तार काठीच्या मागच्या बाजूनं खाली आणली आणि खिडकीतून रेडिओपर्यंत नेली. वर माझ्या लग्नातला जरीचा शालू, कडुलिंब, साखरेची गाठी, त्यावर तांब्या पालथा. गणपतराव नेमके तेव्हाच आले.

"बेपत्ता माणसाच्या बायकुनं गुढी उभी करायची न्हाय," ते ओरडले.

"बायकू म्हणालासा न्हवं? मग उभी करणार."

झुंबरबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. मला वाटलं, आता या मला आवरतील. त्या आत गेल्या, हळदकुंकवाचं ताट घेऊन आल्या, ते माझ्या हातात दिलं आणि परत आत गेल्या. गणपतरावांनी काठी, मागून उतरलेली तार, सगळं नीट बघून घेतलं आणि पाय आपटत गेले.

उन्हं कलली तशी मी रेडिओ लावला. खरखर. सुई इकडं नेली, तिकडं नेली, नुसती खरखर. चाचा दारात येऊन उभे होते. त्यांनी तार तपासली, डाग तपासला, सगळं जागच्या जागी होतं. गल्लीत एकेक घर गुढी उतरवायला लागलं. मावळतीच्या आत गुढी उतरवायचीच असते. माझ्या हातात तेवढाच वेळ होता आणि रेडिओ ढिम्म. मला रडू येत होतं आणि रडायचा रागही येत होता.

वैतागून मी शालूचा लोंबता पदर बाजूला सारला. रेडिओतून एक माणूस बोलला आणि पदर सुटताच गप्प झाला.

"परत धर!" चाचा ओरडले.

परत धरला, परत बोलला. तेव्हा दिसलं. शालूची जर खऱ्या चांदीची होती. वर ती उघड्या तारेला चिकटली होती, खाली छपराच्या पत्र्याच्या पन्हळीला टेकली होती, आणि पन्हळ जमिनीत गेलेली. वरून जे काही येत होतं ते माझा शालू मातीत घालवत होता. एवढ्या हौसेनं गुढी सजवली आणि मीच रेडिओचा गळा दाबून बसले होते!

मी काठी आडवी केली आणि शालू ओढून काढला. समोरच्या बायका अंगणात आल्या. मावळतीला गुढी उतरते हे त्यांना ठाऊक होतं. उतरवलेली गुढी परत चढते हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. वाळत टाकलेलं माझं रोजचं सुती लुगडं काठीला बांधलं आणि काठी परत उभी केली.

"अगं, जुनेर बांधतीस गुढीला?" कुणीतरी म्हणालं.

"माझी गुढी हाय. मी गोणपाट बांधीन."

तेवढ्यात गणपतराव आले आणि त्यांच्यामागून पोलिसातले केरबा हवालदार.

"बाई, गुढीला तार हाय असं सायबास्नी कळवलंय कुणीतरी. काठी काढा."

कुणीतरी म्हणजे कोण, हे विचारायची गरज नव्हती. गणपतराव पन्हळीकडं बघत होते.

"नावं वाचून झाली की काढीन," मी म्हणाले.

"शत्रूचं स्टेशन हाय त्ये. मला काढावी लागंल." केरबांनी काठीला हात घातला. मीही काठी धरली, वरच्या अंगाला. त्यांनी ओढली असती तर मी काठीसकट पडले असते, पण सोडली नसती. झुंबरबाई बाहेर आल्या आणि त्यांनीही काठी धरली.

रेडिओ हिंदुस्थानीत नावं वाचत होता. पलटण, नाव, गाव. सातारा, बेळगाव, सांगली. सगळी गल्ली ऐकत होती. आणि मग, "शिपाई पिराजी, मुरगूड, कोल्हापूर. जिंदा है, तंदुरुस्त है."

केरबांचा हात काठीवरच राहिला, पण ओढेना.

"मुरगूडचा पिराजी? आमच्या आळीतला?" ते रेडिओलाच विचारत होते. "त्याचं तर दिवस घातलं की आमी. मी जेवून आलोय त्या पंगतीत." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "त्याच्या बायकुला म्हायेरी पाठवून दिलं. तिच्या बांगड्या फोडल्या तवा मी हुबा हुतो. तिला कोन सांगनार आता?"

"तुम्ही. उद्याच्या पयल्या मोटारीनं."

"कुठं ऐकलं म्हणून इचारलं तर?"

"माझं नाव सांगा. घराचा पत्ता बी सांगा."

रेडिओवर यादी संपली. बाजाचे सूर लागले. सगळी नावं येऊन गेली होती आणि जोतीरामचं नव्हतं. ते सगळ्यांत आधी गणपतरावांच्या लक्षात आलं. त्यांना जरा धीर आला.

"ऐकलंस न्हवं? आपल्याचं नाव न्हाय."

"आज न्हाय," मी म्हणाले. "मामंजी, पिराजीच्या पंगतीला किती लोक जेवलं असतील? त्यातल्या एकानं तरी कान दिला असता तर ती बाई आज कपाळ पांढरं करून बसली नसती. माझ्या नवऱ्याचं दिवस घालायचं असतील तर घाला. एकटं जेवा. मी पानावर बसणार न्हाय, आणि कुंकवाला हात लावायला आलेल्याचा हात शाबूत ठेवणार न्हाय."

"आणि स्वयपाक मी करणार न्हाय," झुंबरबाई म्हणाल्या. वर्षभरात त्या दिरासमोर पहिल्यांदा बोलल्या होत्या.

सूर्य गेला होता. गल्लीतल्या सगळ्या काठ्या उतरल्या होत्या. केरबांनी काठीवरचा हात काढला आणि टोपी नीट केली.

"सायबाला काय सांगू, बाई?"

"सांगा की, उद्या बी नावं वाचणार हाईत. ज्याचं माणूस तिकडं हाय त्यानं ऐकायला यावं."