बाटलीतले विरजण

“बुडाला निस्ता गाळ हाय की!” नागव्वा बाटली उजेडाकडे धरून कुरकुरली.

मित्रांनो, तो गाळ म्हणजे मी. मी एक जुना, विलायती बियरचा गाळ आहे. बोटीने मुंबईला आलो, आगगाडीने होटगीला. तिथल्या गोऱ्या इंजिन-ड्रायव्हरने वरची बियर पिऊन मला बुडाशी सोडले. त्याचा खानसामा गुरप्पा हा नागव्वाचा धाकटा भाऊ. त्याने मला सोलापुरात तिच्या घरी आणले.

“अक्का, टाकू नको. जित्तं हाय ते. दह्याला विरजण, तसं हे बियरला. पेलाभर घेतलं की भूक लागती.”

“मग विरजणच म्हण. ते दुसरं नाव या घरात नको.”

तसे कारण होते. सासूबाई गेल्यापासून नागव्वाच्या सासऱ्यांचे, वीरभद्रप्पांचे, जेवणच तुटले होते. चतकोर भाकरीवर हात धुवायचे. आणि माणूस असा कडक, की पूजेआधी पाण्याचा घोट घ्यायचा नाही. बियर हा शब्द कानी पडला असता, तर मी मोरीत गेलो असतो आणि त्यांची भूक परतायची आशाही.

नागव्वाने वाटीभर गूळपाणी उकळून गार केले आणि त्यात मला सोडले. दुसऱ्या दिवशी मी फेसाळून वाटीबाहेर डोकावलो! मग मोठी बरणी आली, तिच्यात ठेचलेले आले पडले. रांजणाशेजारी ओल्या फडक्यात माझा मुक्काम. दर खेपेला वरचे पेय बाटल्यांत भरायचे, बुडातला मी कोनाड्यातल्या वाटीत राखायचा, पुढच्या गूळपाण्यासाठी. काय थाट होता माझा! सासरे पेलाभर ‘आल्याचं पाणी’ घेत, मिशा पुसत आणि शेंगाचटणीशी दीड भाकरी खात. एखाद्या बाटलीचे बूच ठो करून उडाले, की सगळे आढ्याकडे बघत. सासरे तेवढा पेला पुढे करत.

अशी दोन वर्षे गेली. एकदा नागव्वा विहिरीवर गेली असताना शेजारच्या गोजरबाई विरजण मागायला आल्या. दारी आलेल्याला विरजण नाही म्हणू नये, म्हणून सासऱ्यांनीच उठून घरात ‘विरजण’ म्हणत ती कोनाड्यातली माझी वाटी दह्याचीच समजून त्यांच्या भांड्यात उपडी केली.

दुसऱ्या दिवशी गोजरबाई भांडे घेऊन दारात उभ्या.

“आप्पा, कसलं वो तुमचं विरजण? दही लागंना, वर बुडबुडं, आन् वास तर सायबाच्या बंगल्यावानी!”

नागव्वाने पदर तोंडाला लावला. तिच्या दुसऱ्या हातात शेवटची बाटली होती आणि तिच्या बुडाशी चिमूटभर मी. मित्रांनो, बुडाला उरलेल्याला हलके समजू नका, असे मला ओरडून सांगायचे होते. पण गाळाला तोंड कुठले?

सासरे खाकरले. मिशीवरून हात फिरवला.

“गोजरबाई, ते दह्याचं न्हाय. बियरचं हाय. ठाऊक असून दोन वर्सं पितोय मी. नागव्वा, बगत काय ऱ्हायलीस? बाटलीच्या बुडाला हाय की थोडं. गूळपाणी ठेव!”